युरोपातील वनसर्वेक्षण माहितीचे सुसूत्रीकरण

युरोपातील वनसर्वेक्षण माहितीचे सुसूत्रीकरण म्हणजे युरोपातील निरनिराळ्या देशांनी आपापल्या व्याख्यांनुसार आणि पद्धतींनुसार गोळा केलेली वनविषयक आकडेवारी परस्परांशी ताडून पाहता येईल व एकत्र बेरीज करता येईल अशा समान स्वरूपात आणण्याची प्रक्रिया होय. वनक्षेत्र, उभ्या झाडांतील लाकडाचा साठा, त्याची वार्षिक वाढ, वृक्षतोड, मृत काष्ठ आणि झाडांत साठलेला कार्बन ही या माहितीची प्रमुख अंगे आहेत. लाकूड, लगदा, कागद, जैव इंधन, लाकडापासूनचे धागे व रसायने यांवर उभ्या राहणाऱ्या जैव अर्थव्यवस्थेला वनांतून दरवर्षी किती कच्चा माल वन न खालावता मिळू शकेल, हे ठरवण्यासाठी अशी तुलनायोग्य आकडेवारी आवश्यक असते. हवामानबदलविषयक करारांखाली वनांनी शोषलेल्या कार्बनचा हिशेब देण्यासाठीही तिचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

युरोपातील पद्धतशीर वनसर्वेक्षणाची परंपरा नॉर्डिक देशांत सुरू झाली. नॉर्वेने १९१९ मध्ये, फिनलंडने १९२१ मध्ये आणि स्वीडनने १९२३ मध्ये राष्ट्रीय वनसर्वेक्षणास आरंभ केला. या देशांची अर्थव्यवस्था लाकडाच्या निर्यातीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून होती. वने वाढीपेक्षा अधिक वेगाने तोडली जात आहेत काय, ही शंका तेथील राज्यकर्त्यांना भेडसावत होती आणि तिचे उत्तर अंदाजाने नव्हे, तर मोजमापाने मिळवणे हा सर्वेक्षणाचा हेतू होता. फिनलंडचे पहिले सर्वेक्षण युर्यो इल्वेसालो यांच्या नेतृत्वाखाली झाले. देशभर समांतर सरळ रेषा आखून त्यांवरून चालत जाणे आणि वाटेत ठरावीक अंतरावर झाडे मोजणे, अशी त्या काळची पद्धत होती.

पुढे फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्पेन, स्वित्झर्लंड आणि पश्चिम जर्मनी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपापली सर्वेक्षणे सुरू केली. पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्रीय वनसर्वेक्षण १९८६ ते १९८८ या काळात झाले. प्रत्येक देशाने आपले हवामान, वृक्षजाती, वनकायदे आणि लाकूडबाजार यांना अनुसरून नियम बनवले. देशांतर्गत कामासाठी हे नियम सोयीचे होते. परंतु एका देशाचे आकडे दुसऱ्या देशाच्या आकड्यांशेजारी मांडण्याची वेळ आली, तेव्हा समान नावाखाली निरनिराळ्या गोष्टी मोजल्या गेल्या असल्याचे स्पष्ट झाले.

सुसूत्रीकरण आणि प्रमाणीकरण

या विषयात सुसूत्रीकरण आणि प्रमाणीकरण या दोन संज्ञांमध्ये भेद केला जातो. प्रमाणीकरणात सर्व देशांनी एकच व्याख्या, एकच नमुनापद्धती आणि एकच मोजमाप स्वीकारावे अशी अपेक्षा असते. सुसूत्रीकरणात प्रत्येक देशाची पद्धत कायम राहते. फक्त तिच्यातून निघालेले निष्कर्ष एका समान संदर्भ व्याख्येत रूपांतरित केले जातात.

युरोपीय तज्ज्ञांनी मुख्यतः दुसरा मार्ग स्वीकारला. याचे कारण दीर्घकालीन नोंदींच्या मोलात आहे. वनांतील बदल सावकाश होत असल्याने आजच्या मोजणीचा अर्थ मागील मोजणीशी तुलना केल्यावरच लागतो. फिनलंड किंवा स्वीडन यांनी आपली पद्धत एकाएकी बदलली, तर शंभर वर्षांची अखंड मालिका खंडित होईल आणि पुढे दिसणारा फरक वनातील आहे की मोजपट्टीतील, हे सांगणे अवघड होईल.

व्याख्यांमधील भेद

वन कशास म्हणावे

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येनुसार किमान ०.५ हेक्टर क्षेत्रफळाची, ५ मीटरपेक्षा उंच झाडांची आणि १० टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असलेली जमीन म्हणजे वन होय. झाडे आज लहान असली, तरी पुढे ही मर्यादा गाठण्याची क्षमता त्यांच्यात असल्यास ती जमीनही वनात धरली जाते. प्रामुख्याने शेती किंवा नागरी वापराखाली असलेली जमीन मात्र या व्याख्येतून वगळली जाते.

राष्ट्रीय व्याख्या याहून वेगळ्या आहेत. ऑस्ट्रियात ०.०५ हेक्टरचा, किमान १० मीटर रुंदीचा आणि ३० टक्के छत्राचा तुकडाही वन ठरतो. जर्मनीत किमान क्षेत्र ०.१ हेक्टर आहे. स्वीडनमध्ये जमिनीच्या उत्पादनक्षमतेवर भर दिला जातो. जेथे दर हेक्टरी वर्षाला सरासरी किमान १ घनमीटर लाकूड वाढू शकते, ती जमीन उत्पादक वनजमीन मानली जाते. या निकषाने स्वीडनचे वनक्षेत्र सुमारे २ कोटी ३५ लाख हेक्टर भरते, तर अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येने ते सुमारे २ कोटी ८० लाख हेक्टर होते. मधल्या ४५ लाख हेक्टरांत दलदलीवरील खुरटी झाडी आणि डोंगरमाथ्यावरील विरळ वने प्रामुख्याने येतात. एकही झाड न लावता वा न तोडता केवळ व्याख्येमुळे पडणारा हा फरक आहे.

जागतिक पातळीवरही असा अनुभव आला आहे. अन्न व कृषी संघटनेच्या २००० च्या जागतिक वनसंपदा मूल्यमापनापूर्वी औद्योगिक देशांसाठी २० टक्के आणि विकसनशील देशांसाठी १० टक्के छत्र असा दुहेरी निकष होता. २००० मध्ये सर्वांसाठी १० टक्क्यांचा निकष लागू झाला. त्यामुळे विरळ झाडीचे विस्तीर्ण प्रदेश असलेल्या ऑस्ट्रेलियाचे नोंदलेले वनक्षेत्र कित्येक पटींनी वाढले.

झाड कोणते मोजावे

वनसर्वेक्षणात झाडाचा व्यास जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, म्हणजे साधारणतः छातीच्या पातळीवर मोजतात. मात्र किती व्यासाच्या झाडापासून मोजणी सुरू करावी, याविषयी एकवाक्यता नाही. स्वित्झर्लंडमध्ये ही मर्यादा १२ सेंटिमीटर, फ्रान्समध्ये ७.५ सेंटिमीटर आणि जर्मनीत ७ सेंटिमीटर आहे. फिनलंडमध्ये १.३ मीटर उंची गाठलेले प्रत्येक झाड हिशेबात घेतले जाते. परिणामी १० सेंटिमीटर व्यासाचे एखादे झाड फिनलंड, जर्मनी आणि फ्रान्सच्या काष्ठसाठ्यात मोजले जाते, तर स्वित्झर्लंडच्या साठ्यात त्याला स्थान नसते.

झाडाचा कोणता भाग लाकूड म्हणून धरावा, हाही प्रश्न असतो. स्वित्झर्लंडमध्ये बुंध्यापासून शेंड्यापर्यंतचे संपूर्ण खोड सालीसह धरतात. फ्रान्समध्ये खोडाचा व्यास ७ सेंटिमीटर उरेल तेथपर्यंतचाच भाग मोजतात. जर्मनीत ७ सेंटिमीटरहून जाड असलेला जमिनीवरील सर्व भाग मोजला जातो. त्यात जाड फांद्याही येतात. सूचिपर्णी झाडांत जाड फांद्या थोड्या असल्याने हा फरक किरकोळ राहतो. ओक किंवा बीच यांसारख्या रुंद पानांच्या, विस्तारलेल्या वृक्षांत तो लक्षणीय होतो.

नमुने कसे निवडावे

कोणत्याही देशात प्रत्येक झाड मोजणे शक्य नसते. त्यामुळे देशभर जाळे आखून त्याच्या बिंदूंवर नमुना भूखंड घेतले जातात. काही देशांत भूखंड ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळाचे असतात. जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी ऑस्ट्रियन वनाधिकारी वाल्टर बिटरलिख यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेली कोनगणना पद्धत अवलंबली. या पद्धतीत निरीक्षक एका जागी उभा राहून ठरावीक कोनातून सभोवार पाहतो आणि त्या कोनाहून रुंद दिसणारी झाडे मोजतो. जाड झाडे दूर असूनही मोजली जातात आणि बारीक झाडे जवळ असतील तरच मोजली जातात. योग्य गणिताने दोन्ही पद्धतींतून विश्वसनीय उत्तर मिळते, परंतु त्यांतील मूळ नोंदी जशाच्या तशा एकत्र मिसळता येत नाहीत. सर्वेक्षणांचे वेळापत्रकही जुळत नाही. काही देश दरवर्षी भूखंडांचा एक भाग मोजतात, तर जर्मनीसारखे देश साधारण दहा वर्षांनी संपूर्ण फेरी करतात.

संदर्भ व्याख्या आणि सेतू

सुसूत्रीकरणाचे काम दोन टप्प्यांत होते. प्रथम सर्व देशांचे तज्ज्ञ एकत्र येऊन प्रत्येक संज्ञेची संदर्भ व्याख्या ठरवतात. त्यानंतर प्रत्येक देश आपल्या राष्ट्रीय आकड्यापासून संदर्भ व्याख्येतील आकड्यापर्यंत नेणारी गणिती रीत तयार करतो. या रीतीस सेतू असे म्हटले जाते. सेतूंचे तीन प्रकार मानले जातात.

संकोचक सेतू: राष्ट्रीय व्याख्या संदर्भ व्याख्येपेक्षा व्यापक असल्यास जादा भाग वजा केला जातो. जर्मनीच्या काष्ठसाठ्यातून जाड फांद्यांचे आकारमान वगळणे हे याचे उदाहरण होय. मूळ नोंदी हाती असल्यास हा सेतू बांधणे तुलनेने सोपे असते.

विस्तारक सेतू: राष्ट्रीय व्याख्या अधिक संकुचित असल्यास न मोजलेला भाग अंदाजाने मिळवावा लागतो. स्वित्झर्लंडमधील १२ सेंटिमीटरखालील झाडे किंवा फ्रान्समधील खोडांचे शेंडे हिशेबात आणण्यासाठी वेगळी प्रतिमाने अथवा पूरक मोजमापे लागतात. येथे अनिश्चितता वाढते.

समस्तर सेतू: दोन्ही व्याख्यांची व्याप्ती सारखी, पण मोजण्याची रीत वेगळी असल्यास एका मापाचे दुसऱ्यात रूपांतर केले जाते.

सेतूमुळे आकडे तुलनायोग्य होतात, मात्र सेतूची स्वतःची त्रुटीही उत्तरात मिसळते. म्हणून रूपांतरित आकड्यासोबत त्याची अनिश्चितता नोंदवणे हा या पद्धतीचा आवश्यक भाग मानला जातो.

संस्थात्मक प्रयत्न

फिनलंडमधील कोत्का या शहरात १९८७ पासून जागतिक वनमूल्यमापनाविषयी तज्ज्ञांच्या बैठकांची मालिका सुरू झाली. व्याख्यांच्या एकवाक्यतेची बरीचशी चर्चा तेथे घडली. १९९० पासून युरोपातील वनमंत्र्यांच्या परिषदेने, जी पुढे 'फॉरेस्ट युरोप' या नावाने ओळखली जाऊ लागली, शाश्वत वनव्यवस्थापनाचे निकष व निर्देशांक निश्चित करण्याचे काम हाती घेतले. तिच्या २०२० च्या अहवालानुसार रशिया वगळता युरोपातील वनक्षेत्र २२ कोटी ७० लाख हेक्टर, म्हणजे भूभागाच्या सुमारे ३५ टक्के आहे.

राष्ट्रीय वनसर्वेक्षण करणाऱ्या संस्थांनी २००३ मध्ये 'एनफिन' हे युरोपीय जाळे स्थापन केले. त्यापाठोपाठ २००४ ते २००८ या काळात 'कॉस्ट ई४३' हा सहकार्य उपक्रम झाला. संदर्भ व्याख्या आणि सेतू यांची मांडणी प्रामुख्याने याच उपक्रमात आकारास आली. त्याचे नेतृत्व फिनलंडचे एर्की टॉम्पो यांनी केले. २०१० ते २०१४ मधील 'यूजवुड' या उपक्रमाने लाकूड प्रत्यक्ष उपलब्ध होण्याच्या प्रश्नावर लक्ष केंद्रित केले. २०१५ ते २०१९ या काळात युरोपीय संघाच्या संशोधननिधीतून 'डायबोलो' हा प्रकल्प राबवण्यात आला. फिनलंडच्या नैसर्गिक संसाधन संस्थेने त्याचे समन्वयन केले. जैव अर्थव्यवस्थेच्या नियोजनासाठी सुसूत्र वनमाहिती निर्माण करणे, हे त्याचे उद्दिष्ट होते.

जैव अर्थव्यवस्थेशी संबंध

युरोपीय संघाने जैव अर्थव्यवस्थेविषयीचे धोरण २०१२ मध्ये जाहीर केले आणि २०१८ मध्ये त्यात सुधारणा केली. खनिज तेल, कोळसा, पोलाद व सिमेंट यांच्या जागी शक्य तेथे जैविक पदार्थ वापरावेत, ही त्यामागील कल्पना आहे. परंतु एकाच लाकडावर अनेकांचा हक्क असतो. घरबांधणी, कागद उद्योग व वीजनिर्मिती यांना ते हवे असते. जैवविविधतेसाठी काही झाडे उभी राहणे आणि काही जागीच कुजणे आवश्यक असते. हवामानाच्या दृष्टीने झाडांतील कार्बन तेथेच राहिलेला इष्ट असतो. साठा व वाढ यांचा आकडा फुगवलेला असेल, तर या सर्वांना दिलेली आश्वासने एकाच वेळी पाळता येत नाहीत.

या संदर्भात लाकूडपुरवठ्यास उपलब्ध वन ही संज्ञा महत्त्वाची ठरते. राखीव क्षेत्रे, तीव्र उतार आणि तोडणीचा खर्च न परवडणारे दुर्गम भाग वजा केल्यावर उरणारे वन म्हणजे हे क्षेत्र. कोणती बंधने धरावीत याविषयी देशोदेशी भिन्नता असल्याने त्यासाठीही संदर्भ व्याख्या तयार करावी लागली.

पुरवठा आणि वापर यांचा ताळमेळही बसत नाही. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राच्या २०२१ च्या अहवालात काष्ठ इंधनाचा अभ्यास करताना लाकडाचा नोंदलेला वापर हा नोंदलेल्या पुरवठ्याहून जास्त असल्याचे दिसून आले. घरगुती सरपण, बांधावरील व शहरांतील झाडे आणि नोंदीत न आलेली तोड यांचा हिशेब अपुरा राहिल्यास अशी तफावत निर्माण होते.

हवामान धोरणातही हे आकडे निर्णायक असतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सुधारलेल्या नियमानुसार जमीनवापर व वने यांद्वारे २०३० पर्यंत वर्षाला ३१ कोटी टन कार्बन डायऑक्साइडच्या निव्वळ शोषणाचे उद्दिष्ट ठेवले. दुसरीकडे, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीच्या चौथ्या राष्ट्रीय वनसर्वेक्षणात दुष्काळ, वादळे आणि साल पोखरणारे भुंगेरे यांमुळे २०१७ पासून तेथील वन कार्बन शोषणारे न राहता कार्बन सोडणारे बनल्याचे आढळले. अशा वेळी शेजारी देशांचे आकडे त्याच मापाने मोजलेले नसतील, तर हा अनुभव एका देशापुरता आहे की खंडव्यापी, हे समजणे कठीण होते.

उपग्रह आणि भूखंड: २०२० चा वाद

लँडसॅट व सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे विनामूल्य उपलब्ध झाल्यानंतर देशांच्या सीमा ओलांडून वनांचे निरीक्षण करणे सोपे झाले. उपग्रहाला देशोदेशीच्या व्याख्या बाधत नसल्याने सुसूत्रीकरणाचा प्रश्न आपोआप सुटेल, अशी आशाही व्यक्त झाली. तिच्या मर्यादा २०२० मध्ये दिसून आल्या.

त्या वर्षी संयुक्त संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात उपग्रहाधारित अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ ते २०१५ च्या तुलनेत २०१६ ते २०१८ या काळात युरोपीय संघातील तोडीखालील वनक्षेत्र ४९ टक्क्यांनी आणि त्यामुळे घटलेले जैववस्तुमान ६९ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात म्हटले होते. हे निष्कर्ष खरे असतील, तर जैव अर्थव्यवस्थेच्या नावाखाली वनांवर अतोनात ताण येत आहे, असा अर्थ होत होता. साहजिकच त्यांवर मोठी चर्चा झाली.

२०२१ मध्ये त्याच नियतकालिकात अनेक देशांतील वनतज्ज्ञांनी आक्षेप नोंदवले. वापरलेल्या उपग्रह माहितीची प्रक्रिया मधल्या काळात बदलून अधिक संवेदनशील झाली होती आणि वादळे व किडीने झालेली काही हानी तोड म्हणून गणली गेली, असे त्यांचे म्हणणे होते. मूळ लेखकांनी त्यास उत्तर दिले. २०२२ मध्ये फिनलंड व स्वीडनच्या राष्ट्रीय सर्वेक्षणांतील १ लाख २० हजारांहून अधिक भूखंडांची नोंद उपग्रह नकाशाशी ताडून पाहण्यात आली. २०१५ नंतर नकाशाची तोड ओळखण्याची क्षमता सुधारली होती आणि दिसलेली अचानक वाढ बव्हंशी त्यामुळे होती, असा निष्कर्ष त्यातून निघाला. व्याख्या स्थिर असूनही उपकरण बदलल्यास आकडा बदलतो आणि त्याची शहानिशा जमिनीवरील मोजणीच करू शकते, हे या वादातून अधोरेखित झाले.

यामुळे दोन्ही स्रोत एकत्र वापरण्याकडे कल आहे. फिनलंडने १९९० पासूनच भूखंड व उपग्रह चित्रे यांची सांगड घालून लहान प्रदेशांचेही अंदाज काढण्याची पद्धत विकसित केली होती.

अडचणी आणि मतभेद

नमुना भूखंडांची नेमकी ठिकाणे बहुतेक देश गुप्त ठेवतात. ठिकाण माहीत झाल्यास मालक तेथील झाडांना वेगळी वागणूक देईल आणि तो भूखंड इतर वनाचे प्रतिनिधित्व करणार नाही, अशी भीती असते. युरोपीय संघातील सुमारे ६० टक्के वने खासगी मालकीची असल्याने मालकांच्या गोपनीयतेचा प्रश्नही येतो. उलटपक्षी, अचूक ठिकाण मिळाल्याखेरीज उपग्रह चित्राशी भूखंडाची जुळणी करता येत नाही. यावर तोडगा म्हणून मूळ नोंदी देशाकडेच ठेवून समान संगणकप्रणालीने केवळ निष्कर्ष एकत्र करण्याची पद्धत वापरली जाते.

अधिकारक्षेत्राचा वादही जुना आहे. युरोपीय संघाच्या करारांत समान वनधोरणाची स्वतंत्र तरतूद नाही. युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये वननिरीक्षणाच्या समान चौकटीसाठी कायद्याचा प्रस्ताव मांडला. वणवे, दुष्काळ व कीड यांविषयी वेळेवर आणि तुलनायोग्य माहिती मिळावी, ही समर्थकांची भूमिका होती. खर्च, प्रशासकीय भार आणि राष्ट्रांच्या अधिकारांवरील अतिक्रमण हे विरोधकांचे आक्षेप होते. युरोपीय संसदेने ऑक्टोबर २०२५ मध्ये हा प्रस्ताव फेटाळला.

भारतातील स्थिती

व्याख्येचा प्रश्न भारतातही उपस्थित होतो. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली असून १९८७ पासून ती साधारणतः दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल प्रसिद्ध करते. तिच्या व्याख्येनुसार किमान १ हेक्टर क्षेत्रावर १० टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असल्यास ती जमीन वनाच्छादनात धरली जाते; मालकी, कायदेशीर दर्जा आणि वृक्षजाती यांचा विचार केला जात नाही. त्यामुळे कोकण व गोव्यातील आंबा, काजू किंवा नारळ यांच्या दाट बागाही वनाच्छादनात येऊ शकतात. अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत फळबागांचा समावेश होत नाही. क्योतो करारांतर्गत वनीकरण प्रकल्पांसाठी मात्र भारताने ०.०५ हेक्टर क्षेत्र, १५ टक्के छत्र आणि २ मीटर उंची असे तिसरेच निकष निवडले होते.

२०२३ च्या अहवालानुसार भारताचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या २१.७६ टक्के आहे. या आकड्याची अन्य देशांच्या आकड्यांशी तुलना करताना दोन्हीकडील व्याख्या पाहणे आवश्यक ठरते. नैसर्गिक वन घटून तेवढ्याच क्षेत्रावर बागा वा लागवड वाढल्यास वनाच्छादनाची एकूण टक्केवारी स्थिर दिसू शकते. तो बदल ओळखण्यासाठी वर्गवार व तुलनायोग्य नोंदींचीच गरज असते.